दुबईत चुकती झालेली बिलं

२०२० च्या करारानंतर तेल अवीव ते दुबई थेट विमानं सुरू झाली आणि आपल्यातले पुष्कळ जण आता मुंबईला जाता-येता तिथे उतरतात. उंच इमारती आणि सोन्याचा बाजार बघून येतात. त्याच दुबईत इझाबेल दुस सांतुश नावाची बाई बरीच वर्षं राहत आली आहे. तिचे वडील १९७९ ते २०१७, म्हणजे अडतीस वर्षं, आफ्रिकेतल्या अंगोला देशाचे अध्यक्ष होते.

फोर्ब्स मासिकाने २०१३ मध्ये तिला आफ्रिकेतली पहिली अब्जाधीश स्त्री म्हटलं. लहानपणी आपण अंडी विकली, असं ती सांगते. विकली असतील बापडीने. पण अंडी विकून मोबाइल कंपनीचा पाव हिस्सा, बँका आणि सिमेंट कंपनी हाती येत नाही. परवाने देणारं सरकार वडिलांचं होतं.

जून २०१६ मध्ये वडिलांनी तिला सोनांगोल या सरकारी तेल कंपनीची प्रमुख केलं. अंगोलाची निर्यात जवळजवळ सगळी तेलाचीच, तेव्हा ही नेमणूक म्हणजे देशाच्या तिजोरीची किल्लीच. नेमकी त्याच सुमारास राजधानी लुआंडात पिवळ्या तापाची मोठी साथ चालू होती. डिसेंबर २०१५ पासूनच्या त्या साथीत चार हजारांवर संशयित रुग्ण झाले आणि पावणेचारशे माणसं गेली. जगातला लशीचा साठा अपुरा पडला. शेजारच्या काँगोत किन्शासाला एका डोसचे पाच भाग करून लोकांना टोचले. मी उभा जन्म सुया टोचल्या, पण अशी वेळ आमच्यावर कधी आली नाही. त्या साथीला ही बाई जबाबदार होती असं मी म्हणत नाही. पण ज्या देशाचा संसार तेलावर चालतो, तिथे दवाखान्याच्या कापसाचा पैसासुद्धा तेलातूनच यायचा असतो.

नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी १५ नोव्हेंबर २०१७ ला तिला पदावरून काढलं. जानेवारी २०२० मध्ये शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सात लाखांवर कागदपत्रं तपासून जे छापलं, त्यातला दुबईचा भाग असा : सल्ल्याच्या नावाखाली सोनांगोलकडून मॅटर बिझनेस सोल्युशन्स या दुबईतल्या कंपनीकडे सुमारे साडेअकरा कोटी डॉलर गेले. कंपनी तिच्या मैत्रिणीच्या मालकीची, कारभार बघणारा तिचाच माणूस. त्यातली मोठी रक्कम तिला काढल्यानंतरच्या काही तासांत गेली. एक बिल ४,७२,१९६ युरोचं होतं. कशाचं? खर्चाचं. कसला खर्च, ते लिहिलेलंच नाही.

आमच्या वॉर्डात मॉर्फिनचं एक अँप्यूल फुटलं तरी रजिस्टरात वेळ लिहा, कारण लिहा, दोन सह्या घ्या, काच जपून ठेवा. मेट्रन चष्मा पुसून ती नोंद वाचायच्या. म्हणून हे बिल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ती सगळे आरोप नाकारते. हा राजकीय सूड आहे आणि ते पैसे झालेल्या कामाचे होते, असं तिचं म्हणणं. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांनी काम केलं हे खरंही आहे. मग त्यांनी बिल थेट सोनांगोलला का पाठवलं नाही? मधे दुबईची कंपनी कशाला हवी होती? याचं पटणारं उत्तर माझ्या तरी वाचनात आलं नाही. दुबईत कंपनीचा खरा मालक कोण, हे तुम्हाआम्हाला उघड पाहता येत नाही, एवढं मात्र कळतं.

पुढे अंगोलाच्या मागणीवरून २०२२ मध्ये इंटरपोलची नोटीस निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या कोर्टाने तिची ५८ कोटी पौंडांपर्यंतची मालमत्ता गोठवली. जानेवारी २०२४ मध्ये अंगोलात आरोपपत्र आलं; त्यात देशाचं नुकसान २१ कोटी ९० लाख डॉलर धरलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनने निर्बंध घातले.

काळ्या पैशावर लक्ष ठेवणारी एफएटीएफ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जिथे देखरेख कच्ची, त्या देशाला ती करड्या यादीत टाकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमिराती त्या यादीतून बाहेर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यादीत नवं नाव आलं, अंगोलाचं.