रात्री नऊला वसुलीचा कॉल येतो, तेव्हा चूक कोणाची?

क्रेडिट कार्डाच्या व्याजावर सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला एक महत्त्वाचा निकाल दिला. थकलेल्या बिलावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. व्याजदराची कमाल मर्यादा ठरवणं आयोगाचं काम नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला आहे, असा एकूण सूर. आणि रिझर्व्ह बँक कार्डांसाठी ठराविक कमाल दर ठरवून देत नाही. दर अवाजवी नसावा एवढं सांगते, बाकी बँकेवर सोडते.

यावर वाद घालणारे दोन गट आपल्या ओळखीचे आहेत. एक म्हणतो, बँका लुटतात. दुसरा म्हणतो, वापरताना मजा आली ना, मग फेडा आता. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. पण दोघंही माणसांच्या स्वभावाबद्दल बोलतात: लोभी बँक, बेजबाबदार ग्राहक, उद्धट एजंट. प्रत्यक्षात बिल तयार होण्यापासून वसुलीचा फोन वाजेपर्यंतचं बहुतेक काम सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे नैतिकतेचा प्रश्नही तिथेच विचारायला हवा.

'किमान रक्कम' या बटणाचं गणित

ॲपमध्ये बिल भरायला गेलात की दोन आकडे दिसतात. पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू. समजा बिल ५०,००० रुपयांचं आहे. किमान रक्कम बिलाच्या ५ टक्के आणि व्याज महिना ३.५ टक्के धरू. प्रत्येक कार्डाची पद्धत थोडी वेगळी असते, पण अंदाज येण्यासाठी हे पुरेसं आहे.

तुम्ही २,५०० रुपये भरले. उरले ४७,५००. त्यावर व्याज १,६६२ रुपये, व्याजावर १८ टक्के जीएसटी २९९ रुपये. पुढचं बिल येतं ४९,४६१ रुपयांचं. अडीच हजार गेले आणि कर्ज कमी झालं साधारण ५३९ रुपयांनी.

असंच वर्षभर चालू ठेवलं, नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाही, तर बारा महिन्यांत तुम्ही साधारण २८,३०० रुपये भरता आणि कर्ज ५०,००० वरून जेमतेम ४३,९०० वर येतं. ते निम्मं व्हायला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ लागतो. प्रत्यक्षात नवी खरेदी होतेच, आणि मागचं बिल पूर्ण भरलेलं नसल्यामुळे तिच्यावर बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून मीटर सुरू.

'फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल' असा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो छापलेला असतोही. पण इशारा सगळ्यांना सारखाच, तुमचा आकडा त्यात नाही. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानंतर बिलावर प्रत्येकाचा स्वतःचा हिशोब द्यावा लागतो. किमान रक्कमच भरलीत तर किती वर्षं लागतील, एकूण किती पैसे जातील, आणि ३६ महिन्यांत फेडायचं असेल तर महिन्याला किती भरावे लागतील. वर केलेलं गणित कोडच्या दहा ओळींचं आहे. तुमचा खर्च पाहून ईएमआयची ऑफर पाठवणाऱ्या ॲपला ते जमणार नाही, असं म्हणता येत नाही.

तारीख चुकली की काय होतं

किमान रक्कमही भरली गेली नाही की सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे एक आकडा चालू होतो: डीपीडी, म्हणजे देय तारखेनंतर उलटलेले दिवस. मग बकेट येतात. ३० दिवसांपर्यंत एक, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी. किमान रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही, तर खातं बँकेच्या पुस्तकात एनपीए होतं, म्हणजे बुडीत होऊ घातलेलं. बँकेला त्यासाठी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून बकेट बदलायच्या आत, विशेषतः महिनाअखेरीला, फोनचा जोर वाढतो.

सुरुवातीला एसएमएस आणि बँकेच्या कॉल सेंटरचे फोन. पुढे खातं वसुली एजन्सीकडे जातं आणि एजन्सीला बहुतेक वेळा वसुलीच्या टक्केवारीवर पैसे मिळतात. तिथे कॉल सहसा कोणी बोटांनी नंबर दाबून लावत नाही. यादी डायलरमध्ये भरलेली असते. डायलर एकाच वेळी अनेक नंबर फिरवतो आणि जो उचलेल त्याला मोकळ्या एजंटशी जोडतो. फोन उचलल्यावर काही सेकंद शांतता आणि मग 'हॅलो सर' ऐकू येतं, ते यामुळेच. तुम्ही उचलला नाहीत तर तो नंबर पुन्हा रांगेत. म्हणजे दिवसाला किती वेळा, किती वाजता आणि कोणत्या नंबरवर फोन जाणार, हे कोणीतरी सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं.

नियम आहेत, आणि बरेच आहेत

वसुलीचे नियमच नाहीत, असा एक समज असतो. तसं नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ ला सगळ्या बँका आणि वित्तसंस्थांना सांगितलं की थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाईक, मित्र किंवा रेफरन्स दिलेल्या लोकांना त्रास, सोशल मीडियावर अनुचित मेसेज, सतत कॉल, हे सगळं निषिद्ध. एजंट बाहेरचा असला तरी अंतिम जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच.

त्याआधी, एप्रिल २००८ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलेलं आहे की एजंटचे ग्राहकाशी झालेले कॉल रेकॉर्ड करावेत, कोणती एजन्सी नेमली ते ग्राहकाला कळवावं, आणि भेटीला येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असावं. एजंटांसाठी प्रशिक्षणही ठरवून दिलं आहे, साधारण १०० तासांचं.

जबाबदारी कागदावरच राहते असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागमध्ये ट्रॅक्टर जप्त करताना एक गर्भवती तरुणी त्याच ट्रॅक्टरखाली सापडून गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करायला बंदी घातली. ती पुढे जानेवारी २०२३ मध्ये उठली. पण अशी कारवाई व्हायला एक जीव जावा लागला.

मग नियम पाळले का जात नाहीत?

नेहमीचं उत्तर: एजंट नीट प्रशिक्षित नव्हता, आम्ही चौकशी करतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे उत्तर पटत नाही. सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ही अट डायलरमध्ये घालणं म्हणजे एक इफ-एल्स. त्याच्या बाहेर कॉल लागूच नये. ज्या नंबरवर समोरच्याने 'मी तो नाही, मला फोन करू नका' सांगितलं, तो नंबर यादीतून कायमचा काढणं हे एका क्लिकचं काम. बँकेच्या सिस्टीममधून गेलेला कॉल रात्री नऊला आला, तर अट कोणीतरी टाकली नाही किंवा काढली. आणि एजंटने स्वतःच्या मोबाइलवरून केला असेल, तर तुमचा नंबर त्याला उघडा दिसत होता. तोही लपवता येतो. ओला-उबरच्या चालकाला प्रवाशाचा खरा नंबर न दाखवता कॉल जोडून देणारं तंत्रज्ञान आपण कित्येक वर्षं वापरतोय.

नियम कोडमध्ये उतरला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. लोन ॲप्स फोनमधली पूर्ण कॉन्टॅक्ट लिस्ट उचलायची आणि हप्ता चुकला की मावशीपासून बॉसपर्यंत सगळ्यांना मेसेज करायची. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी कॉन्टॅक्ट, कॉल लॉग आणि फाइल्स वाचायला मनाई केली. मग गुगल प्लेने ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या ॲप्सना कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागणंच बंद केलं. प्ले स्टोअरबाहेरून एपीके टाकायला लावणारे बेकायदा ॲपवाले उरलेच. पण अधिकृत ॲपसाठी तो दरवाजा बंद झाला, आणि त्यासाठी कोणाला १०० तास शिकवावं लागलं नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. 'सतत कॉल करू नये' म्हणजे किती? चार की चाळीस? प्रोग्रॅमला 'सतत' कळत नाही, आकडा लागतो. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमात तो आहे. वसुली एजन्सीने एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा जास्त कॉल केले, तर तो छळ असल्याचं गृहीत धरलं जातं. नियम तिथेही मुख्यतः त्रयस्थ एजन्सीसाठीच आहे, थेट बँकेसाठी नाही, आणि सात कॉल काही कमी नाहीत. तरी तो मोजता येतो, तपासता येतो. आपल्याकडचा 'सतत' वाद घालायला सोयीचा आहे, सिद्ध करायला नाही.

बँकेची बाजूही ऐकू

क्रेडिट कार्डाचं कर्ज विनातारण असतं. घरकर्जात घर असतं, सोनेतारणात दागिना असतो. इथे बँकेच्या हातात फक्त तुमचा शब्द आणि सिबिल स्कोअर. काही लोक पैसे असूनही मुद्दाम टाळतात, हेही खरं. त्यांनी बुडवलेल्याची किंमत शेवटी बाकीच्या ग्राहकांच्या व्याजात येते. फोन करून पैसे मागणं हा बँकेचा हक्क आहे आणि त्यात अनैतिक काही नाही.

पण याच मुद्द्यातून दुसरा निघतो. विनातारण कर्जाची जोखीम मोठी आहे, म्हणूनच वर्षाला ४२ टक्के व्याज लावलं जातं. जोखमीची किंमत व्याजात घ्यायची आणि वर वसुलीत धाकही वापरायचा, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा घेतल्यासारखं आहे. शिवाय मुद्दाम टाळणारा अनोळखी नंबर ब्लॉक करून मोकळा होतो. दर वेळी फोन उचलून रडकुंडीला येतो तो नोकरी गेलेला किंवा घरात आजारपण आलेला माणूस.

तंत्रज्ञान कोणाच्या बाजूने?

हप्त्यावर घेतलेला फोन, हप्ता चुकला की दुरून लॉक करू द्यावा का, ही चर्चा २०२५ मध्ये रंगली. ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने विषय विचाराधीन असल्याचं सांगितलं. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं आहे. अँड्रॉइडमध्ये त्यासाठीची सोय आधीपासून आहे. पण आज फोन म्हणजे यूपीआय, ओटीपी, डिलिव्हरीचं काम, मुलांचे क्लास. फोन बंद करून हप्ता कमावायचा कसा, हा साधा प्रश्न उरतोच.

कर्जदाराला अडवायचं तर एका कमांडवर फोन लॉक करण्याची तयारी, आणि एजंटला अडवायचं तर प्रशिक्षण, सूचना, आचारसंहिता. हा फरक तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे पडलेला नाही. त्यामुळे मागणी साधी असावी. वेळेची अट डायलरमध्येच बसवा, कॉलच्या संख्येला आकडा द्या, ग्राहकाचा नंबर एजंटला दाखवू नका, आणि किती वाजता, कोणत्या नंबरवर, किती कॉल केले याचा लॉग ग्राहकाला ॲपमध्ये दिसू द्या. खर्चाची प्रत्येक एन्ट्री दिसते, तशी.

तोपर्यंत तुमच्या हातात काय?

थकबाकी असली तरी हे लक्षात ठेवा.

१. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. निव्वळ त्यासाठी 'पोलीस पाठवतो' ही धमकी पोकळ असते. मात्र चेक किंवा ऑटो-डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेला, तर त्याचे फौजदारी कायदे वेगळे आहेत. तो भाग गांभीर्याने घ्या.

२. प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्र मागा.

३. तक्रार बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि ठराविक कॉलचं रेकॉर्डिंग तपासा, असं त्यात लिहा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असं २००८ चं परिपत्रक सांगतं. तक्रार उगाच केलेली आहे अशी बँकेची खात्री असेल तरच अपवाद.

४. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो.

५. सेटलमेंट करण्याआधी अटी बँकेकडून लेखी घ्या. सिबिलमध्ये 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे वेगळे शेरे आहेत. पहिला शेरा पुढच्या कर्जाला अनेक वर्षं आडवा येतो.

कर्ज फेडायचं असतं, यावर वाद नाही. पण 'एजंटची चूक झाली' असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका: तुमच्या सिस्टीमने तो कॉल लागू दिलाच कसा?