दार उघडं ठेवा, तिजोरी बंद ठेवा



"तिचं नाव आमच्या घरात काढू नका." हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या आपल्या घरांतून मी इतक्यांदा ऐकलंय, की आता त्यावर लिहायलाच हवं. कुणाची नणंद, कुणाची मावसबहीण, कुणाची सख्खी मुलगी एखाद्या बापूच्या, बाबाच्या, माताजींच्या नादी लागते. आधी आठवड्याचा सत्संग, मग महिन्याचं शिबिर, मग देव्हाऱ्यात त्यांचा फोटो, मग दुकानाच्या गल्ल्यातून 'सेवा'. एखाद्या वर्षी ती राखीला येत नाही, कारण त्याच दिवशी आश्रमात कार्यक्रम असतो. घरचे चिडतात. लग्नात चारचौघांत तिची टिंगल होते. उन्हाळ्यात पापड करायला सगळ्या जमतात, तिला निरोप जात नाही. आणि सगळ्यांना वाटतं, चांगला धडा शिकवला.

माझं म्हणणं सरळ आहे. धडा तिला मिळालाच नाही. त्या बाबाचं काम आपण फुकटात करून दिलं.

अशा ठिकाणी नवीन बाईला पहिली गोष्ट सांगतात ती मंत्राची नसते, घरच्यांची असते. 'तुझे लोक तुला समजून घेणार नाहीत. ते तुला हसतील, अडवतील. तेव्हा समज, ही तुझी परीक्षा आहे.' आता आपण हसलो, की तिला वाटतं, गुरुजींनी आधीच सांगितलं होतं! प्रत्येक टोमण्यासरशी तो गुरू तिच्या नजरेत अंतर्यामी होत जातो. आपण पाठ फिरवली, की तिच्याकडे दुसरं कुणी उरत नाही. मग उद्या तिथे काही वाईट घडलं, तर ती सांगणार कुणाला?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. आसारामचं प्रकरण आठवा. आपल्या खानदेशातही त्यांना मानणारी घरं कमी नव्हती, हे तुम्हीही जाणता. उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब त्यांचं असंच निस्सीम भक्त होतं. मुलगी मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकायला ठेवलेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये गुरुकुलातून सांगण्यात आलं, की मुलीला बाधा झालीय, बापूच उतरवतील. आईवडील तिला घेऊन जोधपूरजवळच्या आश्रमात गेले. तिथे त्या १६ वर्षांच्या पोरीवर अत्याचार झाला. तिने ते आईवडिलांना सांगितलं. आणि ज्या बापाने आयुष्याची भक्ती त्या माणसाच्या पायाशी वाहिली होती, त्याने आपल्या पोरीचं ऐकलं. दिल्लीत तक्रार दाखल झाली. २५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप दिली. मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. आसारामचे एके काळचे वैद्य अमृत प्रजापती यांच्यावर २०१४ मध्ये राजकोटला गोळी झाडली गेली, त्यातच ते गेले. एवढं होऊनही ते कुटुंब हललं नाही.

आता दुसरं प्रकरण पाहा. २००२ मध्ये हरियाणातल्या डेरा सच्चा सौदाच्या एका साध्वीने पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं. डेराप्रमुख आपल्यावर अत्याचार करतो, असं त्यात होतं. आणि हेही होतं, की घरचे लोक त्याचे अंधभक्त आहेत, त्यांच्याकडे दाद मागून उपयोग नाही. गुरमीत राम रहीम दोषी ठरायला २०१७ उजाडावं लागलं. पंधरा वर्षं!

दोन्ही मुली भक्तांच्याच घरातल्या. एकीला घरी सांगता आलं. दुसरीला देशाच्या पंतप्रधानांना, तेही नाव न घालता, लिहावं लागलं. फरक कशाचा? घराच्या दाराचा. घर भाविक आहे की नास्तिक, यावर काही ठरलं नाही. मुलगी बोलली तर ऐकून घेणारं माणूस घरात आहे का, यावर ठरलं.

आणि सुरत तर आपल्याला परकी नाही. निम्मा खानदेश उधना-लिंबायतला नांदतो. त्याच सुरतेच्या दोन बहिणींनी २०१३ मध्ये आसाराम आणि त्यांचा मुलगा नारायण साई यांच्याविरुद्ध तक्रार दिली. मुलाला २०१९ मध्ये, बापाला या दुसऱ्या प्रकरणात २०२३ मध्ये जन्मठेप झाली. घटना तक्रारीच्या कितीतरी वर्षं आधीच्या होत्या. 'इतकी वर्षं का गप्प बसल्या?' असं विचारणाऱ्या बायका मला भेटतात. मी त्यांना उलट विचारते, तुमच्या घरातली ती बाई आज संकटात सापडली, तर रात्री अकरा वाजता तुमची बेल वाजवेल का? 'तुला तेव्हाच सांगितलं होतं' हे ऐकावं लागेल, या भीतीने ती जिन्यातूनच परत फिरणार नाही ना?

काही जणी म्हणतील, भक्ती करतेय बिचारी, करू द्या, आपल्याला काय करायचंय? हे बोलणं टिंगलीइतकंच वाईट, असं माझं ठाम मत आहे. भक्ती वेगळी आणि ताबा वेगळा, आणि हा फरक ओळखायला आपल्याला फार लांब जायला नको. भगवान महावीरांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या श्वेतांबर परंपरेत सांगतात, आईवडील आहेत तोवर दीक्षा घेणार नाही असं त्यांनी गर्भातच ठरवलं. ते गेल्यावरही मोठे भाऊ नंदिवर्धन म्हणाले म्हणून आणखी दोन वर्षं थांबले. तीर्थंकर घरच्यांचा निरोप घेऊन निघाले! आजही दीक्षेआधी घरच्यांचं आज्ञापत्र लागतं. चातुर्मास संपला की महाराज साहेब विहार करतात, आपल्याला त्यांच्याशिवाय करमेनासं होईपर्यंत मुक्काम ठोकत नाहीत. पैशाला हात लावत नाहीत. मग जो गुरू म्हणतो 'घरी सांगू नकोस', 'औषध बंद कर, श्रद्धा ठेव', 'दागिने मोहाचे आहेत, इकडे दे', 'प्रश्न विचारणं पाप आहे', त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि हे माप दुसऱ्यांपुरतं ठेवायचं नाही. २०१६ मध्ये हैदराबादला आपल्याच समाजातल्या १३ वर्षांच्या मुलीने ६८ दिवसांचा उपवास केला, कौतुकाने शोभायात्रा निघाली आणि लगेच तिचा मृत्यू झाला. तपाबद्दल मला आदर आहे. पण एवढ्याशा लेकराला 'आता पुरे' म्हणायला घरात, समाजात एकही मोठं माणूस पुढे येत नसेल, तर बाहेरच्यांच्या आश्रमाकडे बोट दाखवायचा आपल्याला काय हक्क?

मग करायचं काय? दार उघडं ठेवायचं आणि तिजोरी बंद. या दोन्ही गोष्टी एकदम करायच्या, आणि इथेच आपली गल्लत होते. आपण एक तर दोन्ही बंद करतो, नाहीतर तिला वाईट वाटू नये म्हणून दोन्ही उघडी ठेवतो.

दार उघडं म्हणजे हळदीकुंकवाला, बारशाला, राखीला, अठाईच्या पारण्याला तिला पूर्वीसारखंच बोलावणं जाणार. ती दहादा आली नाही, तरी अकराव्यांदा जाणार. आल्यावर तिच्या गुरूचा विषय आपण काढायचा नाही. तिनेच काढला, तर ऐकायचं आणि साधे प्रश्न विचारायचे. तिथे तुझी तब्येत कशी राहते गं? झोप मिळते का? तिथून कुणी सोडून गेलं, तर बाकीचे त्यांच्याशी बोलतात का? उत्तर नाही आलं, तर पाठपुरावा करू नका. तो प्रश्न ती घरी घेऊन जाते आणि कधीतरी रात्री स्वतःलाच विचारते. तुम्ही गुरूला शिवी दिली, तर मात्र तिची सगळी रात्र त्याची बाजू मांडण्यात जाते. वरण-बट्टी वाढा, तिच्या लेकरांच्या परीक्षांचं विचारा, जुन्या गमती काढा. आश्रमाबाहेरही आपलं एक आयुष्य होतं आणि अजून आहे, एवढं तिला आठवलं पाहिजे.

तिजोरी बंद म्हणजे उसने पैसे नाहीत. 'सेवे'साठी नाहीत, शिबिरासाठी नाहीत, 'पुढच्या महिन्यात देते' म्हणाली तरी नाहीत. किराणा, औषध, शाळेची फी हवी असेल, तर आपण स्वतः नेऊन भरावी. तिचं स्त्रीधन तिचं आहे, त्यावर आपला हक्क नाही. पण घर, दुकान, एकत्र खातं यांच्या कागदांवर कुणाच्या भिडेखातर सही करायची नाही.

आणि लेकरांच्या बाबतीत तडजोड नाही. मोठी बाई आपल्या मर्जीने जाते, लेकराला मर्जी नसते. त्याला अशा वसतिगृहात ठेवायचं घाटत असेल, त्याचं औषध बंद झालं असेल, अंगावर वळ दिसले, तर नातं बिघडेल म्हणून गप्प बसू नका. मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला. इतक्या महागात पडलेला कायदा वापरायला लाजायचं कशाला?

जाता जाता आणखी एका कायद्याचं सांगते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. पंचांनी एखादं घर वाळीत टाकलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचांना आता भीती आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात पंच नाहीत, ठराव नाही, शिक्का नाही, तरी आपण एका बाईला अलगद वाळीत टाकतो. तिचं नाव काढायचं नाही म्हणजे आणखी काय असतं? त्याला कुठला कायदा पोचणार? ते आपलं आपणच थांबवायचं.

आपल्याकडे संवत्सरी आहे, ही केवढी मोठी सोय! त्या दिवशी कुणालाही फोन करायला कारण लागत नाही, कमीपणा वाटत नाही. मात्र या वर्षी दोनशे जणींना एकच तयार मेसेज पाठवताना तिलाही त्याच ढिगात टाकू नका. तिला फोन लावा. उचलला नाही तर पुन्हा लावा. खमावणं झालं, की गुरूचं, पैशाचं, राखी चुकवल्याचं काहीही काढू नका. एवढंच म्हणा, "बाई, घरी कधी येतेस?"