खोल पाण्याची परवानगी

मे महिन्यात तलावाच्या काठावर उभी असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी पाहा. टोपीत कोंबलेले केस, डोळ्यांवर गॉगल, चेहऱ्यावर ‘मला येतं!’ खोल पाण्यात जाऊ देण्याआधीची पोहण्याच्या शिबिराची परीक्षा सहसा साधी असते: खोल पाण्यात उडी, एक फेरी, मग काठ न धरता तरंगत राहणं. उडी आणि फेरी जोरावर निभावते. तरंगताना मात्र नुसते हातपाय मारून भागत नाही, श्वास सांभाळावा लागतो. तिचा ‘मला येतं’ हा आत्मविश्वास आम्हाला फार मोलाचा वाटतो. पण विहिरीला आणि धरणाला तो दिसत नाही. बुडून मरणाऱ्यांत जगभर मुलं मोठ्या संख्येनं आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस असं बुडणं रोखण्यासाठीच राखला आहे. तेव्हा पालकहो, लेक नापास झाली तर प्रशिक्षकांशी वाद घालू नका. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा पाण्यात उतरवा.