स्टिअरिंग तापतंय? आधी उष्णतेची वाट शोधा



जुनी गाडी घरात असली की सल्ले फुकट मिळतात. आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. ती भुसावळहून इच्छापोरला आणली आणि पहिल्याच उन्हाळ्यात एक तक्रार सुरू झाली. मगदल्ल्याकडून ओएनजीसी पूल ओलांडून, हजिऱ्याच्या ट्रकांमागे रांगत घरी पोचेपर्यंत स्टिअरिंग कॉलम, म्हणजे चाकाखालून इंजिनाकडे जाणारी नळी, चटका बसेल इतकी तापायची. कुणी म्हणालं पट्टी गुंडाळा, कुणी म्हणालं पत्रा लावा, कुणी म्हणालं जुनी गाडी तापणारच. उष्णता येते कुठून, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही. गाडीचंही तसंच आहे.

तरुण वाचकांसाठी थोडी ओळख. १९६४ची फियाट ११०० डिलाइट हीच पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. मुंबईच्या रस्त्यांवरून या काळ्यापिवळ्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाल्या. हिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, शिवाय हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी तिथूनच जातात. त्यामुळे हा भाग तापणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७०-८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. आवरण गेलं की शॉर्ट सर्किट आणि पुढे आग.

इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच कामाला लावतं. उरलेली बरीचशी रेडिएटरच्या पाण्यातून आणि एक्झॉस्टमधून बाहेर जाते. ही उष्णता कॉलमपर्यंत तीन वाटांनी येऊ शकते: धातूतून, गरम हवेतून आणि तापलेल्या पाइपाच्या झळांमधून. झळांचा हिशेब तर फार कडक असतो. पाइप ३०० अंशांवरून ४०० अंशांवर गेला, तर झळ जवळजवळ दुप्पट होते. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा, म्हणून आधी वाट ओळखायची. मी रविवारी सकाळी, त्याच रस्त्यावर, एका वेळी एकच गोष्ट बदलून चाचण्या केल्या.

पहिली चाचणी विजेची. इंजिन थंड आणि बंद ठेवून हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवले. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट रिलेशिवाय थेट स्विचमधून जातो आणि सैल जोड तापतो. अशा वेळी कॉलमचा वरचा भाग गरम आणि खालचा थंड लागतो. आमचा वरचा भाग थंडच राहिला, म्हणजे उष्णता इंजिनाकडूनच येत होती.

दुसरी चाचणी वेगाची. रांगेत तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर बॉनेटखाली हवा खेळत नाही असं समजावं. गाडी थांबवल्यावर काही मिनिटं जास्त तापणंही स्वाभाविक आहे, कारण तेव्हा पंखा आणि पाण्याचा पंप बंद असतात. आमची मात्र पुलावरच्या मोकळ्या वाऱ्यातही निवेना. मग संशय एक्झॉस्टवर गेला.

तिसरी चाचणी गळतीची. उघड्या जागेत, थंड इंजिन सुरू करून एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन-तीन सेकंद धरायचं आणि दुसऱ्याने बॉनेटजवळ कान द्यायचा. आम्हाला मॅनिफोल्ड आणि पाइपाच्या जोडातून ‘फस्स’ असा स्पष्ट आवाज आला. तिथे काजळीचा पट्टाही दिसला. गॅस्केट गेलेलं होतं.

चौथी चाचणी भोकांची. रात्री इंजिनाच्या बाजूला टॉर्च ठेवून आत अंधारात बसलो. कॉलम जिथून केबिनमध्ये शिरतो तिथलं रबर वाळून फाटलं होतं आणि त्यातून उजेड येत होता. जिथून उजेड येतो, तिथून हवाही येते.

शेवटी डिस्ट्रिब्युटर उघडला. पॉइंट घासले की त्यांच्यातलं अंतर कमी होतं, ठिणगी उशिरा पडते आणि जळण उशिरा होऊन एक्झॉस्ट जास्त तापतं. आमचं अंतर कमीच निघालं.

मग एकेक दुरुस्ती केली. पॉइंट बसवल्यावर थोडा फरक पडला, गॅस्केट बदलल्यावर बराच, आणि नवं रबर बसवल्यावर कॉलमला बिनधास्त हात लावता येऊ लागला. पत्र्याची गरजच उरली नाही. पट्टी आधी गुंडाळली असती, तर गळती झाकली गेली असती.

ही गळती फक्त उष्णतेची नव्हती, म्हणून हा लेख लिहितोय. फाटलेल्या रबरातून गरम हवा येत होती, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकत होता. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि आपण ते प्रवासाच्या थकव्यावर ढकलतो. इच्छापोरवरून जाणारा महामार्ग सरळ धुळ्याकडे जातो. सुट्टीत आपली कुटुंबं याच रस्त्याने खानदेशात जातात आणि मुलं मागच्या सीटवर झोपलेली असतात.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक गाडीची मांडणी वेगळी असते. अँबॅसडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट डाव्या बाजूला आणि स्टिअरिंग उजवीकडे. तिथे कॉलम तापला तर झळांपेक्षा गरम हवेचा संशय आधी घ्यावा. आणि सगळं तपासूनही पत्रा लावावाच लागला, तर तो चकचकीत असावा आणि पाइपापासून बोटभर अंतरावर असावा. मधली हवाच निम्मं काम करते.

तुमच्या आजोबांची किंवा बाबांची गाडी अजून घरात असेल, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी निदान टॉर्चची चाचणी करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि खर्च शून्य.