चार इंचांचा हिशेब

रायफलीची नळी जितकी लांब तितका नेम अचूक, हा समज अजून हटत नाही. तो निव्वळ अडाणीपणातून आलेला नाही. दुर्बीण नव्हती तेव्हा नळीच्या टोकावरचा खुंट आणि मागची खाच एका रेषेत धरावी लागे. त्या दोहोंतले अंतर जास्त, तर डोळ्याची चूक कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिशांनी एनफिल्डची 30 इंची नळी 25 इंचांवर आणली तेव्हा तिकडच्या स्पर्धांतल्या नेमबाजांनी केवढा गहजब केला होता! तीच ‘आखूड’ रायफल पुढे दोन महायुद्धे लढली आणि 2008 सालीही मुंबई पोलिसांच्या खांद्यावर होती. आता दुर्बीण आली आणि लांब नळीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा निकालात निघाला. तरी अर्धस्वयंचलित अचूक रायफल निवडताना आधी इंचच मोजले जातात. माझ्या मते 7.62 मिलिमीटर नाटो काडतुसाला 16 ते 18 इंच पुरेत.

लांबीने मिळतो तो वेग, कारण दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त अवधी मिळतो. या काडतुसात इंचामागे साधारण सहा ते आठ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे 20 इंचांवरून 16 वर आल्यास पंचवीस-तीस मीटर प्रतिसेकंद जातात आणि गोळी जिथे आवाजाच्या वेगाखाली घसरून डळमळू लागते ती जागा सुमारे पन्नास मीटर अलीकडे येते. पण ती जागा नऊशे मीटरांच्या आसपास असते. पलटणीतल्या नेमबाजाचे बहुतेक काम त्याच्या आतच होते. बदल्यात मिळतो ताठपणा. एका टोकाला पकडलेला दांडा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकतो. त्यामुळे तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच भाराखालची 20 इंची नळी 16 इंचीच्या जवळजवळ दुप्पट वाकते. ज्या रायफलीत दर गोळीला वायूच्या धक्क्याने आतली यंत्रणा मागेपुढे आपटते, तिथे हा फरक किरकोळ नाही.

अमेरिकी लष्कराची एम110 रायफल 20 इंची होती. 2016 साली तिच्या जागी निवडलेली जर्मन बनावटीची रायफल सुमारे 16 इंची आहे. लांब नळीवर सायलेन्सर चढवला की लांबी आणखी वीतभर वाढते आणि चिलखती गाडीतून ती घेऊन उतरणे जिकिरीचे होते. आखूड नळीचा भडका आणि आवाज मोठा, ही तक्रार खरी आहे, पण सायलेन्सर लावल्यावर तिची धार जाते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काडतूस बदलले तर? 6.5 मिलिमीटर क्रीडमूरच्या अरुंद नळीत सावकाश जळणारी दारू असते. तिथे 22 इंच वाया जात नाहीत. 5.56ची लहान गोळी तर वेगावरच जगते, म्हणून अमेरिकी विशेष दलांच्या एमके12ला 18 इंची नळी दिली गेली. शिवाय आखूड नळी म्हणजे करवतीने कापलेली नळी नव्हे. वायू बाहेर काढणाऱ्या छिद्राची जागा आणि त्याचा आकार नव्याने बेतला नाही, तर यंत्रणा एक तर अडकते नाहीतर स्वतःलाच झोडपते.

भारतीय लष्कराकडे सुमारे 24 इंची नळीची ड्रॅगुनोव्ह आहे आणि 2019च्या करारातल्या 72,400 सिग 716 रायफली 16 इंची आहेत. सिग ही खास नेमबाजाची रायफल नव्हे, हे मान्य; पण पुढच्या खरेदीत दोहोंमधली लांबी घेतली की तोलून निवड झाली, असे समजण्याचे कारण नाही. आखूड नळीने गेलेला वेग दर गोळीला जवळपास सारखाच जातो. दुर्बिणीचे बटण एकदा फिरवले की तो हिशेबात बसतो. काडतुसा-काडतुसातला फरक मात्र कोणत्याच बटणाने बसत नाही. एका पेटीतल्या दोन गोळ्यांच्या वेगात पंधरा मीटर प्रतिसेकंदाचा फरक असला, तर आठशे मीटरांवर त्या फूटभर वरखाली पडतात, नळी कितीही लांब असो. आपल्याकडे खडकी आणि वरणगावचे कारखाने काडतुसे बनवतात. निविदेत नळीच्या इंचांआधी वेगातल्या या फरकाची कमाल मर्यादा लिहावी, आणि ती पाळणारे काडतूस तिथे बनेपर्यंत चार जादा इंचांवर पैसा घालू नये.