जुन्या गाड्यांना साधं पेट्रोल मिळू द्या

न्हावा शेव्याच्या खाऱ्या, दमट हवेत माझी जुनी एमजी मी स्वतःच सांभाळतो. तिला दोन एसयू कार्ब्युरेटर. एकेकाचा पिस्टन पिनने जरासा उचलायचा आणि कान द्यायचा : इंजिन अडखळून बंद पडू लागलं तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी; वेग वाढून तसाच राहिला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मग जेटचा नट एकेक पैलू फिरवायचा. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि बसवलेलं सगळं गणित मोडलं. इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो, म्हणून तीच सेटिंग लीन पडते. शिवाय ते ओलावा शोषतं, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. इथेनॉलमुळे उसाला भाव मिळावा, हे मलाही हवंच आहे. तरी सरकारने प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोल ठेवावं. थोडे जास्त पैसे मोजायला आम्ही तयार आहोत.