ताप मोजला, काम विचारले?

दक्षिण कोकणातल्या शेतकऱ्याला एका वर्षात तीन वेगळे ताप गाठू शकतात, आणि तिन्हींची सुरुवात जवळजवळ सारखीच असते. लावणीच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस, पाऊस सरताना गवत कापताना स्क्रब टायफस आणि काजूच्या हंगामात माकडताप. एकाएकी चढलेला ताप, असह्य डोकेदुखी, मोडून आलेले अंग. दवाखान्यात मात्र तिन्हींना बऱ्याचदा एकच नाव मिळते: ‘व्हायरल’. हे नाव ऐकले की रुग्णालाही हायसे वाटते आणि तो पुढचे चार दिवस ताप अंगावर काढतो.

दुर्मीळ आजारांबद्दलचा आपला समज इथेच चुकतो. त्यांची लक्षणेही विचित्रच असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती बहुधा नेहमीचीच असतात. निराळे असते ते रुग्णाचे गेले आठ-दहा दिवस कुठे गेले, हे. आणि नेमके तेच कुणी विचारत नाही.

माकडतापाचीच गोष्ट घ्या. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत तापाने माणसे दगावू लागली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शास्त्रज्ञ तिथे पोहोचले तेव्हा पहिली शंका पीतज्वराची होती. निघाला तो जगाला ठाऊक नसलेला नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. जंगलाचे नाव त्याला चिकटले. पुढे कित्येक दशके हा आजार कर्नाटकापुरताच मानला गेला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात येऊन ठेपला.

आता या तालुक्यातला काजूचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. बिया गोळा करायला बायका-माणसे दिवसभर बागेत वाकलेली, पायाखाली वाळला पातेरा. माणसाला चावते ती बहुतेकदा अर्धवट वाढ झालेली, खसखशीएवढी गोचीड. चावल्याचे कित्येकांना कळतही नाही. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात आणि तेवढा परिसर धोक्याचा होतो. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप चढतो. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरतो, माणूस उठून कामाला लागतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तो उलटतो, या वेळी मेंदूवर परिणाम करत. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूवर हमखास औषध नाही, म्हणून तर लवकर ओळखून रुग्णालयात लक्ष ठेवणे महत्त्वाचे. आणि रक्तस्रावाची शक्यता असताना दुकानातून अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके आणून घेणे म्हणजे दुखणे वाढवून घेणे.

स्क्रब टायफसची कथा याहून चीड आणणारी, कारण त्यावर औषध आहे आणि तेही स्वस्त. 2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची साथ आली होती. गवता-झुडपातल्या सूक्ष्म किड्याची पिल्ले चावतात. चावल्या जागी अनेकदा काळी खपली धरते, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही आणि असते काखेत, जांघेत नाहीतर कमरेच्या नाडीखाली. कपडे न काढता तपासलेल्या रुग्णात ती दिसणार कशी? शिवाय नेहमीची पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके इथे चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालते.

त्याऐवजी होते काय? रक्त काढले जाते आणि ‘विडाल’ केली जाते. फ्रेंच डॉक्टर विडाल यांनी 1896 मध्ये मांडलेली ही चाचणी आपल्याकडे अजून टायफॉइडचा शेवटचा शब्द असल्यासारखी वापरतात. टायफॉइड जिथे कायम असतो तिथे धडधाकट माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. मग टायफॉइडचे उपचार चालू राहतात आणि खरा आजार मूत्रपिंड, फुप्फुसे गाठतो.

1700 मध्ये इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षांनंतर आपल्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असलाच, तर त्यात ‘शेती’ किंवा ‘गृहिणी’ एवढेच भरलेले असते. ही गृहिणी सकाळी सरपणाला जंगलात जाते, दुपारी काजू वेचते, संध्याकाळी गोठ्यात असते. यातले काहीच त्या शब्दात मावत नाही.

शहरवासीयांनीही हे दूरचे समजू नये. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईकर कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले. ताप, पोटऱ्यांत गोळे, लालबुंद डोळे आणि पायाला एखादी जखम. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या त्या पाण्याचा उल्लेख केल्याशिवाय हे तुकडे जुळत नाहीत. मोबाइलवर ‘ताप, डोकेदुखी’ टाइप करणाऱ्याला सर्दीपासून मेंदूच्या गाठीपर्यंत सगळे सापडते, पण मागच्या मंगळवारी तो कुठल्या पाण्यातून चालला, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

डॉक्टर म्हणतील, बाहेर रांग लागलेली असताना एवढी चौकशी करायला वेळ कुठला? अडचण खरी आहे. पण ही चौकशी डॉक्टरांनीच करायला हवी असे थोडेच आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रात तापमापक लावणाऱ्या परिचारिकेने किंवा गावातल्या आशाताईने चार प्रश्न विचारून उत्तरे केसपेपरवर लिहिली तरी पुरे: जंगलात, बागेत गेला होता का? साचलेल्या पाण्यात उतरला होता का? अंगावर कुठे खपली आहे का? परिसरात माकड मेलेले दिसले का? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर ते वनखात्यालाही त्याच दिवशी कळवायला हवे.